सभासद कार्डं घरच्या संगणकावर: नावांच्या यादीपासून लॅमिनेशनपर्यंत

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात मार्च महिना आला की देवघेवीच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल लागायचं. प्रेसमधून छापून आणलेली कोरी कार्डं एका बाजूला, नोंदवही दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये दोघं-तिघं जण पेनानं नावं भरत बसलेले. अक्षर चांगलं असणारी बाई एकच. ती आली नाही की काम थांबायचं. जुलैत पाऊस सुरू झाला की पेनाची शाई पसरायची आणि सभासद क्रमांक वाचता येईनासा व्हायचा.

हे काम आता आम्ही मेल मर्जनं करतो. त्याला ग्राफिक डिझायनर लागत नाही आणि वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही. वर्ड, एक्सेल, साधा प्रिंटर आणि दोन संध्याकाळी एवढंच भांडवल. वाचनालय असो, ज्येष्ठ नागरिक मंडळ असो की भजनी मंडळ, रीत तीच. ज्यांनी आजवर मेल मर्जला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

कल्पना सोपी आहे. कार्डाचा नमुना एकदाच तयार करायचा, सभासदांची यादी एकदाच भरायची. नमुन्यात नावाच्या जागी नाव न लिहिता ‘इथे नाव येईल’ अशी खूण ठेवायची. वर्ड यादीतली एकेक ओळ उचलतो आणि त्या खुणांच्या जागी बसवतो. चारशे ओळी असतील तर चारशे कार्डं. यादीत चूक असेल तर ती चूकही तितक्याच नेमानं छापली जाते. म्हणून निम्म्याहून जास्त वेळ मी यादीवर घालवतो, आणि तुम्हीही घालवा.

यादी

एक्सेलमध्ये नवी फाइल उघडा. पहिल्या ओळीत फक्त शीर्षकं: अनुक्रमांक, क्रमांक, नाव, प्रकार, मुदत. अनुक्रमांक म्हणजे यादीतली कितवी ओळ, क्रमांक म्हणजे सभासद क्रमांक, प्रकार म्हणजे सभासदत्वाचा प्रकार. शीर्षक एकाच शब्दाचं ठेवा. त्यावर ‘अमुक वाचनालय, सभासद यादी’ असं मोठं नाव टाकून खाने एकत्र जोडण्याचा मोह होतो, तो टाळा. वर्डला पहिल्याच ओळीत शीर्षकं सापडायला हवीत. मध्ये रिकामी ओळ नको, शेवटी एकूण बेरीज नको.

आकडे भरण्याआधी क्रमांक आणि मुदत हे दोन्ही स्तंभ निवडून त्यांचं स्वरूप ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर ००४७ लिहिलेला क्रमांक एक्सेल नुसता ४७ करून टाकतो. तारखेचं तर विचारूच नका. एक्सेलमध्ये दिवस-महिना-वर्ष दिसणारी तारीख वर्डमध्ये गेल्यावर बऱ्याचदा अमेरिकन पद्धतीनं महिना आधी घेऊन येते. यावर फील्डच्या, म्हणजे नमुन्यातल्या त्या खुणेच्या, आत शिरून करायचे उपाय आहेत, पण नवख्या माणसानं सरळ ‘३१ मार्च २०२७ पर्यंत’ असा मजकूरच लिहावा. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, त्यामुळे ही ओळ जवळपास सगळ्यांना एकच असते. एकदा लिहून खाली ओढली की झालं.

देवनागरी आकड्यांचा निर्णयही इथेच घ्या. कीबोर्डवरून इंग्रजी आकडे टाकले तर कार्डावर इंग्रजीच येतील, नुसता फाँट बदलून ते देवनागरी होत नाहीत. आमच्या नोंदवहीत क्रमांक देवनागरीत आहेत, म्हणून कार्डावरही तसेच हवे होते. क्रमांकाच्या स्तंभाची एक प्रत काढली, तिचं स्वरूप टेक्स्ट केलं आणि ‘फाइंड अँड रिप्लेस’नं शून्यापासून नवापर्यंत दहा वेळा बदल केले. दहा मिनिटांचं काम. फक्त तो स्तंभ निवडलेला आहे ना, एवढं बघा. मूळ स्तंभ तसाच राहू द्या, पुढे फोटोंसाठी लागतो.

आता नावं. नागपुरात सभासदांची यादी हातात घेतली की एका पानावर मेश्राम, देशमुख, उईके, अग्रवाल, खोब्रागडे, गोऱ्हे, मिश्रा अशी सगळी मंडळी भेटतात. व्याकरणानं प्रवीण बरोबर आहे हे खरं, पण ज्यांनी आयुष्यभर सही ‘प्रविण’ अशी केली, त्यांच्या कार्डावर प्रविणच यायला हवं. सुनील आणि सुनिल, दीक्षित आणि दिक्षित यांचंही तेच. आपण शुद्धलेखन तपासायला बसलेलो नाही. पहिल्या वर्षी मी सगळी नावं ‘दुरुस्त’ केली होती. कार्ड हातात घेऊन एक काकाजी काही वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मी असं लिहित नाही नं बाळा माझं नाव.” त्यांचं कार्ड मी त्याच संध्याकाळी पुन्हा छापलं.

तेव्हापासून एक पद्धत ठेवली आहे. यादी पूर्ण झाली की ती मोठ्या अक्षरात साध्या कागदावर छापायची आणि आठवडाभर देवघेवीच्या टेबलावर ठेवायची. पुस्तक बदलायला येणारा प्रत्येक जण आपलं नाव बघतो, चूक असेल तर पेनानं दुरुस्त करतो, बरोबर असेल तर टिक करतो. जे येत नाहीत त्यांना फोन. या आठवड्याची घाई कधी करू नका. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं करा.

टंकलेखनातली एक अडचण सांगून ठेवतो. गोऱ्हे, कऱ्हाडे अशा आडनावांतला ऱ् हा साधा अर्धा र नाही. साधा र वापरला तर रफार होऊन ‘गोर्हे’ असं काहीतरी दिसतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की नुक्तावाला ऱ येतो, मग हलन्त, मग ह किंवा य. गावाचं नावही एकसारखं करून घ्या. हिंदीत नागपुर लिहितात, मराठीत नागपूर. अर्ज दोन्ही भाषांत भरलेले असल्यामुळे दोन्ही रूपं यादीत शिरतात.

जुनी यादी कुणीतरी कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये करून ठेवलेली असेल, तर आधी ती ओळखा. स्तंभ निवडून फाँट ‘मंगल’ करा. अक्षरं तशीच राहिली तर यादी युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य पद्धतीत आहे. इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली तर ती जुन्या पद्धतीची आहे, आणि कन्व्हर्टरमधून काढावी लागेल. कन्व्हर्टर बहुतेक काम करतो, पण रफार आणि जोडाक्षरं कधीकधी चुकवतो, म्हणून नंतर प्रत्येक नाव डोळ्यांखालून घालावंच लागतं. फाइल एक्सेलच्या नेहमीच्या स्वरूपातच जतन करा. साध्या सीएसव्हीमध्ये (नुसता मजकूर ठेवणारं स्वरूप) जतन केली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. तसं करावंच लागलं तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा.

एक धोका मी स्वतः अनुभवला आहे. अकारविल्हे लावताना फक्त नावांचा स्तंभ निवडला. एक्सेलनं विचारलं होतं की निवड वाढवायची का, मी न वाचता पुढे गेलो. नावं हलली, क्रमांक जागेवर राहिले. साठेक कार्डं वाटून झाल्यावर एका ताईंनी सांगितलं की त्यांच्या कार्डावर त्यांच्या जावेचा क्रमांक आहे. सगळी कार्डं परत मागवावी लागली. म्हणून क्रम लावण्याआधी पूर्ण यादी निवडा, आणि फाइलची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवा.

कार्डावर काय छापायचं? माझं मत विचाराल तर वाचनालयाचं नाव, सभासदाचं नाव, क्रमांक, प्रकार आणि मुदत, बस. पत्ता नको. आपल्याकडचे पत्ते प्लॉट नंबर, अमुक ले-आउट, तमुक मंदिराच्या मागे, रिंग रोड असे लांबत जातात आणि कार्ड भरून टाकतात. आधार क्रमांक आणि जन्मतारीख तर मुळीच नको. कार्ड ऑटोत, बसमध्ये हरवतं. सापडलेल्या माणसाला ते परत करता यावं यासाठी मागच्या बाजूला वाचनालयाचा पत्ता आणि फोन पुरेसा आहे.

माप

एटीएम कार्डाचं माप आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर असतं. पाकिटाचे कप्पे याच मापाचे शिवलेले असतात. त्यामुळे नवखा माणूस कागदी कार्डही ८.६ बाय ५.४ सेंटिमीटरचं छापतो, लॅमिनेट करतो आणि मग ते पाकिटात जात नाही. कारण लॅमिनेशनच्या प्लॅस्टिकची चौफेर किनार सोडावी लागते. कागदाच्या कडेलाच कापलं तर दोन्ही थर सुटतात आणि आत पाणी जातं.

म्हणून हिशेब उलटा करा. तयार कार्ड ८.५६ बाय ५.४ हवं, किनार सुमारे तीन मिलिमीटर, म्हणजे कागदी कार्ड ८.० बाय ४.८ सेंटिमीटर. लॅमिनेशन करायचं नसेल आणि जाड कागदच वापरायचा असेल तर पूर्ण माप घ्या.

ए-४ कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटर. ८ सेंटिमीटरची दोन कार्डं शेजारी ठेवली तर १६, उरले ५, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच. उभ्या दिशेनं ४.८ ची पाच कार्डं म्हणजे २४, उरले ५.७, म्हणजे वर-खाली २.८५. एका पानावर दहा. सहावी ओळही गणितात बसते, पण मग वर-खाली साडेचार मिलिमीटरच उरतात आणि बरेच प्रिंटर तेवढ्या कडेपर्यंत छापत नाहीत. दहावरच थांबा. हिशेबालाही दहा सोपे.

वर्डमध्ये नमुना

एक्सेलची फाइल बंद करा. वर्डमध्ये कोरं पान उघडून वरच्या पट्टीत ‘मेलिंग्ज’वर जा. ‘स्टार्ट मेल मर्ज’मध्ये ‘लेबल्स’ निवडा. कार्ड छापायचं असताना लेबल का, असं वाटेल. एका पानावर सारख्या मापाचे अनेक तुकडे हवेत म्हणजे वर्डच्या दृष्टीनं ते लेबलच. समोर येणाऱ्या चौकटीत ‘न्यू लेबल’ दाबा आणि वरची मापं भरा: वरचा समास २.८५, बाजूचा समास २.५, उभं अंतर ४.८, आडवं अंतर ८, उंची ४.८, रुंदी ८, आडवी संख्या २, उभी संख्या ५, पान ए-४. इथे अंतर म्हणजे एका कार्डाच्या कडेपासून पुढच्या कार्डाच्या त्याच कडेपर्यंतचं अंतर. दोन कार्डांत फट ठेवायची नसल्यामुळे ते रुंदी-उंचीइतकंच आहे. नाव द्या आणि ठीक म्हणा. पानावर दहा खान्यांचं कोष्टक येईल. रेघा दिसत नसतील तर ‘लेआउट’मध्ये ‘व्ह्यू ग्रिडलाइन्स’ सुरू करा.

आता ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’, त्यात ‘यूज अॅन एक्झिस्टिंग लिस्ट’, आणि आपली एक्सेल फाइल. कोणती शीट ते विचारेल, निवडा. पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत या खुणेवर टिक असू द्या. लगेच पहिला खाना सोडून बाकी नऊ खान्यांत ‘नेक्स्ट रेकॉर्ड’ अशी खूण उमटते. तिला हात लावू नका. यादीतली पुढची ओळ घ्या, हा आदेश तीच देते. ती पुसली तर पानावरच्या दहाही कार्डांवर एकच नाव येतं.

सगळी मांडणी फक्त पहिल्या खान्यात करा. वर वाचनालयाचं नाव टाइप करा. खाली कर्सर ठेवून ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’मधून नाव, मग क्रमांक, प्रकार, मुदत. ‘सभासद क्र.’ असे ठरलेले शब्द हातानं लिहायचे आणि त्यापुढे फील्ड टाकायचं. बोधचिन्ह टाकलं तर ते मजकुराच्या ओळीतच राहील असं ठेवा, म्हणजे ‘इन लाइन विथ टेक्स्ट’. मोकळं तरंगणारं चित्र पुढच्या खान्यांत नीट उतरत नाही. मग ‘अपडेट लेबल्स’ दाबा, पहिल्या खान्यातलं सगळं उरलेल्या नऊमध्ये जाईल. पहिल्या खान्यात काहीही बदललं की हे बटण पुन्हा दाबायचं. पहिलं कार्ड सुंदर आणि बाकी नऊ जुनीच, असं दिसलं तर इथेच विसरलात.

कार्डाला रंगीत पार्श्वभूमी किंवा कडेला ठसठशीत चौकट देऊ नका. प्रिंटर कागद मिलिमीटरभर इकडेतिकडे ओढतोच, आणि चौकट असली की तेवढंही वाकडं दिसतं. पांढरं कार्ड, आणि कापण्यासाठी पूर्ण कोष्टकाला अगदी बारीक फिकट राखाडी रेघ. कात्री त्या रेघेवरून फिरते आणि रेघ निघून जाते.

देवनागरीचा एक छुपा त्रास आहे. नावाच्या फील्डचा फाँट बदलला, आकार १४ केला, तरी छापताना मराठी नाव जुन्याच फाँटमध्ये बारीक येतं. कारण वर्ड देवनागरीसाठी फाँटची वेगळी नोंद ठेवतो. फील्ड निवडून कंट्रोल आणि डी दाबा. चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा भाग दिसेल, फाँट आणि आकार तिथेही द्या. ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ असं बांधून ठेवू नका, वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात.

फाँट कोणता? रघुनाथ कृष्ण जोशींनी घडवलेला मंगल मराठी कळफलक जोडलेल्या विंडोजच्या संगणकावर सहसा सापडतो, पण तो ओळींमध्ये फार जागा घेतो. कोकिला त्याच आकड्याला बराच लहान दिसतो, आकार वाढवावा लागतो. मला मुक्ता आवडतो. मोफत मिळतो, जाड-बारीक सगळ्या वजनांत येतो आणि लहान आकारातही जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. वृद्ध सभासद चष्मा न लावता कार्ड बघतात, तेव्हा नाव १४ च्या खाली नको.

‘प्रिव्ह्यू रिझल्ट्स’ दाबा. खुणांच्या जागी खरी नावं दिसतील, बाण दाबून पुढे जाता येईल. पण पहिली दहा नावं बघून समाधान मानू नका. एक्सेलमध्ये ‘लेन’ या सूत्रानं प्रत्येक नावाची लांबी काढा आणि सर्वांत लांब दहा नावांची चाचणी घ्या. देवनागरीत मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे लांबी ढोबळ असते, पण चालते. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन शब्दांचं सर्वांत लांब नाव एका किंवा फार तर दोन ओळींत बसलं आणि खालची मुदत खान्याबाहेर ढकलली गेली नाही, म्हणजे नमुना पास.

फाइल जतन करून दुसऱ्या दिवशी उघडली की वर्ड एक एसक्यूएल आदेश चालवू का असं विचारतो. घाबरू नका, तो तुमच्याच यादीशी जोडणी मागतो आहे. होय म्हणा. वर्ड आणि एक्सेल दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि काम संपेपर्यंत हलवू नका, नाहीतर ही जोडणी तुटते.

फोटो हवाच असेल तर

पहिल्या वर्षी फोटोशिवाय करा, असं मी आग्रहानं सांगेन. वाचनालयात टेबलावरची व्यक्ती सभासदांना ओळखते. तरीही हवा असेल तर पद्धत ही. प्रत्येक फोटो एकाच मापात कापून घ्या, २८० बाय ३६० पिक्सेल पुरतात. कार्डावर १.८ बाय २.३ सेंटिमीटरच्या जागेत तो स्वच्छ येतो, आणि व्हॉट्सअॅपवर आलेला फोटोही या मापाला चालून जातो. फाइलचं नाव म्हणजे सभासद क्रमांक, इंग्रजी आकड्यांत. पहिल्या खान्यात छोटं कोष्टक घालून फोटोच्या घराची रुंदी-उंची पक्की करा आणि मजकुरानुसार आकार बदलण्याची सोय बंद करा.

त्या घरात कर्सर ठेवून कंट्रोल आणि एफ ९ दाबा. महिरपी कंस येतील. हे कंस कीबोर्डवरून टाइप केलेले चालत नाहीत. त्यांच्या आत इंग्रजीत ‘इन्क्लूडपिक्चर’ हा शब्द जोडून लिहा आणि पुढे अवतरणचिन्हांत फोटोंच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. त्यातला प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो. पत्त्याच्या शेवटी, अवतरणाच्या आतच, इंग्रजी आकड्यांच्या क्रमांकाचं मर्ज फील्ड घाला आणि त्यापुढे टिंब देऊन जेपीजी. सुरुवातीला सगळ्या कार्डांवर एकच चेहरा दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. अंतिम दस्तऐवज तयार झाल्यावर कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा, एफ ९ दाबा, फोटो आपापल्या जागी येतात.

कापल्यावर क्रम बिघडू नये म्हणून

ही युक्ती मला दोन वर्षांनी सुचली. आधीच ठाऊक असती तर कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या. समजा सभासद ४१२ आहेत. पानं ४२ लागतील. त्यांचा गठ्ठा एकदम कापला की दहा गठ्ठ्या होतात. पहिल्या गठ्ठीत १, ११, २१, दुसरीत २, १२, २२. मग चारशे कार्डं जमिनीवर पसरून क्रम लावत बसावं लागतं.

त्याऐवजी अशी छपाई करा की पहिल्या गठ्ठीत १ ते ४२, दुसरीत ४३ ते ८४ असंच ओळीनं येईल. यादीच्या शेवटी आठ रिकाम्या ओळी वाढवा, फक्त अनुक्रमांक भरलेला, म्हणजे एकूण ४२०. ‘छपाईक्रम’ नावाचा नवा स्तंभ घ्या. प्रत्येक अनुक्रमांकातून १ वजा करा आणि ४२ ने भागा. जी बाकी उरेल तिला १० ने गुणा, त्यात भागाकाराचा पूर्णांक मिळवा, आणखी १ मिळवा. एक्सेलमध्ये बाकीसाठी मॉड आणि पूर्णांकासाठी इंट हे सूत्र आहे. १ चा छपाईक्रम १ येतो, ४३ चा २, आणि २ चा ११. म्हणजे पहिल्या पानावर १, ४३, ८५ अशी कार्डं छापली जातात आणि दुसऱ्या पानावर २, ४४, ८६. पूर्ण यादी निवडून या स्तंभानुसार लावा. कापल्यावर गठ्ठ्या एकावर एक ठेवल्या की पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रम तयार. तुमची पानं ४२ नसतील तर तिथे आपला आकडा घाला.

छपाई आणि लॅमिनेशन

‘फिनिश अँड मर्ज’मध्ये थेट प्रिंट निवडू नका. ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ निवडा. सगळ्या कार्डांचा वेगळा दस्तऐवज उघडतो, तो सावकाश वाचता येतो. मग तो पीडीएफ करा. नागपुरात बर्डीवर किंवा महाल भागात दुकानातून छापून घेणार असाल तर पीडीएफच न्या. दुकानाच्या संगणकावर तुमचा फाँट नसला की वर्ड दुसराच फाँट लावतो आणि सगळी मांडणी हलते.

छापताना ‘अॅक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के. ‘फिट’ असं काही निवडलेलं असेल तर काढायला सांगा. एकदा एका दुकानात हे राहून गेलं आणि सगळी कार्डं तीन-चार मिलिमीटर आखूड आली. आता मी आधी साध्या कागदावर एक पान छापून घेतो आणि तिथेच पट्टी लावून मोजतो. ८ सेंटिमीटर भरलं तरच पुढे.

मागच्या बाजूला नियम छापायचे असतील तर ते आधी छापा. मागची बाजू सगळ्यांची सारखीच असते. त्यात पान अडकलं तर एक साधं पान वाया जातं. पुढची बाजू आधी छापली आणि मग मागच्या बाजूला पान अडकलं, तर दहा जणांची नावं शोधून पुन्हा काढावी लागतात. आपले समास दोन्हीकडे सारखे असल्यामुळे पान उलटवल्यावरही खाने एकमेकांवर बसतात.

लॅमिनेशन करणार असाल तर फार जाड कागद घेऊ नका. १३० जीएसएमच्या (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) आसपासचा कागद आणि २५० मायक्रॉन जाडीचं पाउच, म्हणजे लॅमिनेशनचं प्लॅस्टिकचं पाकीट, असलं की कार्ड पुरेसं ताठ होतं. घरच्या बऱ्याच प्रिंटरना फार जाड कागद ओढवत नाही, पावसाळ्यात तर तो हवेतला ओलावा धरून आणखीच अडकतो. रीम पिशवीत बंद ठेवा, लागेल तेवढाच कागद काढा. इंकजेटवर छापलं असेल तर रात्रभर वाळू द्या.

ओळखपत्राचं पाउच ६५ बाय ९५ मिलिमीटरचं मिळतं. कार्ड बरोबर मध्ये ठेवा, बंद बाजू आधी यंत्रात घाला. चौफेर तीन मिलिमीटर किनार सोडून कापा, कोपरे किंचित गोल करा, टोकदार कोपरा पाकीट फाडतो. पहिलं कार्ड आठ रिकाम्यांपैकी एक असू द्या, यंत्र पुरेसं तापलं की नाही ते त्यावरून कळतं.

वर्ड नसेल तर

लिब्रेऑफिस मोफत आहे आणि हे काम उत्तम करतं. फरक एवढाच की यादी आधी डेटाबेस म्हणून नोंदवावी लागते. ‘फाइल’, ‘न्यू’, ‘डेटाबेस’ या वाटेनं जाऊन आपली स्प्रेडशीट जोडा आणि नोंदणीला होय म्हणा. मग ‘फाइल’, ‘न्यू’, ‘लेबल्स’. तिथे डेटाबेस आणि टेबल निवडून फील्ड टाका, ‘फॉरमॅट’च्या पानावर वरचीच मापं भरा आणि ‘ऑप्शन्स’मध्ये ‘सिंक्रोनाइझ कंटेंट्स’वर टिक करा. पहिल्या कार्डाची मांडणी झाली की सिंक्रोनाइझचं बटण दाबा, ते वर्डच्या ‘अपडेट लेबल्स’चं काम करतं. छापायला गेलात की फॉर्म लेटर छापायचं का असं विचारेल. होय म्हटलं की खरी नावं येतात. मराठी मजकुराचा फाँट इथे ‘सीटीएल’ या नावाखाली वेगळा द्यावा लागतो.

वर्षाच्या मध्ये नवे सभासद येत राहतात. एकेका कार्डासाठी पान वाया घालवू नका. त्यांची नावं यादीच्या शेवटी भरत जा, तोवर हातानं लिहिलेली तात्पुरती चिठ्ठी द्या. दहा जण जमले की ‘फिनिश अँड मर्ज’मध्ये कितव्यापासून कितव्या ओळीपर्यंत ते दोन आकडे भरा आणि एकच पान काढा. आमच्याकडे ते पान साधारण दोन महिन्यांनी भरतं. नव्या सभासदानं चिठ्ठीवर नाव स्वतःच्या हातानं लिहायचं असतं, आणि यादीत ते त्या चिठ्ठीवरूनच उतरतं.